आजचं पाणी

दादाने माउस मुठीत धरला आणि खुर्ची वीतभर मागे घेतली, समोर स्क्रीन नसून बोटीचं सुकाणू असावं तशी. बहीण शेजारी कोरा कागद आणि पेन घेऊन बसली होती. आज तुझ्या धक्क्यावर भरती किती वाजता आहे ते आमच्या वेबसाइटवर शोध, एवढंच तिने सांगितलं. मी मदत करणार नाही, तू जिथे जिथे दाबशील तिथे फक्त एक रेघ ओढणार.

“परीक्षा आहे का?”

“आहे, पण आमची. तू फक्त पेपर तपासायचास.”

दादा तेवीस वर्षं खाडीवर फेरीबोट चालवत होता. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा होता आणि पाणी ठरावीक खुणेच्या खाली गेलं, की त्यावर बोट रुतत असे. मग पुढची भरती येईपर्यंत साठ प्रवासी दादाकडे बघत बसत. पूर्वी तो नुसतं पाणी बघून वेळ सांगे. पण गेल्या दोन वर्षांत वाळू सरकली होती आणि त्याचा अंदाज अर्ध्या-पाऊण तासाने चुकायला लागला होता. बहीण समुद्राच्या पातळीची मोजमापं ठेवणाऱ्या केंद्रात कामाला आहे, तर घरचाच डॉक्टर असल्यासारखं व्हायला हवं होतं. तसं ते झालं नव्हतं.

पहिल्या पानावर सात चित्रं आपोआप सरकत होती. केंद्राची इमारत, इमारतीचं उद्घाटन, उद्घाटनाला आलेले पाहुणे, पाहुण्यांचं भाषण, अशी. समुद्राचं चित्र सातवं होतं. तिथवर थांबलेला माणूस अजून कुणाच्या पाहण्यात नव्हता. दादाने ‘संस्थेविषयी’वर दाबलं. तिथून ‘संचालकांचे मनोगत’ आलं, वर संचालकांचा फोटो. दादाने ओळखीच्या माणसाला बघून हलवावी तशी मान हलवली आणि खाली सरकला. मनोगताच्या तळाशी ‘उपक्रम’ होतं, उपक्रमात ‘निरीक्षण जाळे’, मग ‘किनारा विभाग’, मग ‘केंद्र निवडा’. त्याने चुकून ‘केंद्राविषयी’ निवडलं आणि पुन्हा संचालक आले.

“हे साहेब दाराशीच बसतात का?”

तिने रेघ ओढली.

पुढे वर्ष निवडायचं होतं, मग महिना, मग दिवस. महिना निवडताना वर्ष पुसलं जात होतं, हे कळायला त्याला दोन फेऱ्या लागल्या. तिसऱ्यांदा मनोगत आलं तेव्हा त्याने माउस हलकेच टेबलावर ठेवला, जसा तो रुतलेल्या बोटीचं इंजिन बंद करत असावा.

“चिमे, तुमच्या साइटवर भरती सापडेपर्यंत इकडे ओहोटी लागते.”

ती सेहेचाळीस वर्षांची होती. चिमी म्हणणारी जगात आता दादा आणि आई एवढीच माणसं उरली होती, आणि आई तिच्याचकडे राहत होती. ऑफिसात तिला सगळे नकाशाबाई म्हणत, कारण तिच्या पदाचं खरं नाव दीड ओळीचं होतं आणि तिने आल्या आल्या वेबसाइटच्या सगळ्या पानांचा एक भलामोठा नकाशा काढून भिंतीवर लावला होता. कुठल्या पानावरून कुठे जाता येतं, ते त्यात बाणांनी दाखवलं होतं. लांबून तो आतड्यांचा तक्ता वाटे. तिचं पद करारावरचं होतं. करार दरवर्षी संपे आणि दरवर्षी वाढवला जाई. असा तो सात वेळा वाढला होता.

तिने कागदावरच्या रेघा मोजल्या. एकोणीस.

केंद्राची वेबसाइट कुणी एकाने बांधलेली नव्हती. प्रत्येक संचालकाने एकेक खोली काढली होती आणि आधीच्याच्या खोलीला दार ठेवायचं विसरून गेला होता. ‘उपक्रम’ हे पान कधीकाळी मुख्य मेनूत होतं. पण तिथे एका समितीचं नाव घालायचं ठरलं आणि त्याला जागा नव्हती, म्हणून त्याची लिंक तात्पुरती मनोगताच्या खाली ठेवली गेली. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून भरती बघायला आलेला प्रत्येक कोळी, खलाशी, विद्यार्थी आणि संशोधक संचालकांच्या मनोगतातून जात होता. साहजिकच ते पान केंद्राच्या इतिहासातलं सर्वाधिक भेटी मिळालेलं पान होतं.

संचालकांना याचा संकोचयुक्त अभिमान होता. दर तीन महिन्यांनी ते नवं मनोगत लिहीत. आधी हाताने, तीन खर्डे करून. माणूस वाईट नव्हता. तरुणपणी किनाऱ्यावरच्या पहिल्या भरतीमापकाचा तरंगता गोळा त्यांनी स्वतः छातीभर पाण्यात उभं राहून बसवला होता. मग त्यांना बढती मिळाली आणि समुद्राशी त्यांचा संबंध खिडकीपुरता उरला. आता मनोगत होतं. एखाद्या समारंभात कुणी विषय काढला, की ते म्हणत, लोक वाचतात बुवा, का ते मला माहीत नाही. नकाशाबाईला माहीत होतं. दर महिन्याच्या अहवालात कुठल्या पानावर लोक सरासरी किती वेळ थांबले, याचाही एक रकाना असे. मनोगतावर लोक चार सेकंद थांबत. तो रकाना ती अहवालातून सात वर्षं काढून टाकत आली होती.

दादा आपल्या गावी परत गेला त्याच्या पुढच्या शनिवारी ती एकटीच ऑफिसात आली आणि पहिल्या पानावर, सरकत्या चित्रांच्याही वर, एक बटण बसवलं. त्यावर ‘आजचं पाणी’ एवढंच लिहिलं. दाबलं, की सगळे धक्के एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे आजच्या भरती-ओहोटीच्या वेळा. त्या पानाचा पत्ताही तिने इतका लहान ठेवला, की फोनवरून सांगता यावा. काम अडीच तासांचं होतं. सात वर्षांत ते का केलं नाही, याचं उत्तर तिला स्वतःलाही देता आलं नसतं; कुणी मागितलं नव्हतं, हेच खरं. याही वेळी कुणी मागितलं नव्हतं.

महिन्याअखेर भेटींचा आकडा तीन लाखांवरून चाळीस हजारांवर आला.

संचालकांनी सर्व्हर सांभाळणाऱ्याला बोलावलं. त्याने आधी वायर बघितल्या, मग पंखे पुसले, मग सगळं एकदा बंद करून पुन्हा सुरू केलं, आणि आकडा तेवढाच राहिला म्हणून तो दुखावल्यासारखा दिसू लागला. मदतकक्षातले फोनकाका, ज्यांचं आयुष्य ‘आता खाली या, अजून खाली, साहेबांच्या फोटोच्या खाली’ हे सांगण्यात गेलं होतं, ते वर येऊन म्हणाले, की फोनपण बिघडलाय, आठवडाभर वाजत नाही. दर अर्ध्या तासाने ते रिसीव्हर उचलून आत आवाज आहे का ते ऐकत होते. आवाज होता. त्यामुळे त्यांची काळजी वाढली.

तिसऱ्या दिवशी संचालक सर्व्हरवाल्याला घेऊन छपरावरच्या जोडणीकडे निघायच्या तयारीत होते, तेव्हा नकाशाबाईला राहवलं नाही. ती त्यांच्या केबिनमध्ये गेली आणि दार लोटून घेतलं.

“सर, बिघाड नाहीये. मी एक बटण दिलंय.”

तिने सगळं सांगितलं. दादाच्या एकोणीस रेघांसकट. माणसं तेवढीच येताहेत, थोडी वाढलीच आहेत. पूर्वी एक माणूस दहा-बारा पानं हिंडायचा, आणि प्रत्येक पान एक भेट म्हणून मोजलं जायचं. आता तो येतो, वेळ बघतो आणि जातो.

“चहासुद्धा न घेता,” संचालक म्हणाले. ते विनोद करत होते की नाही, हे तिला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

मग त्यांनी खणातून एक परिपत्रक काढलं आणि तिच्याकडे सरकवलं. तीन आठवड्यांनी मुख्यालयाची समिती पाहणीला येणार होती. ज्या केंद्राच्या वेबसाइटवरच्या भेटी एक तृतीयांशाहून जास्त घटतील, ते केंद्र ‘वर्ग दोन’मध्ये जाणार होतं. वर्ग दोनचा कारभार मुख्यालयातून चाले. वर्ग दोनमध्ये करारावरची पदं नसत.

तिने परिपत्रक दोनदा वाचलं. करारावरचं पद म्हणजे ती एकटीच. या गावात मेनू रचणाऱ्या माणसाची गरज असलेलं दुसरं ऑफिस नव्हतं. आजूबाजूच्या गावांतही नव्हतं, तिने पाहून ठेवलं होतं. घरी आई अंथरुणाला खिळलेली नव्हती, पण जिना उतरवत नव्हता, आणि तिच्या गोळ्यांच्या पाच वेळा होत्या. दुसऱ्या शहरात जाऊन नोकरी करणं हे ज्यांच्या आया जिने उतरतात त्यांचं काम होतं.

“मी तुम्हाला बटण कायमचं काढा म्हणत नाही,” संचालक म्हणाले. “तीन आठवडे बाजूला ठेवू. समिती गेली की परत लावा. तुमच्यासाठीच सांगतोय बाई.”

ते खरंच तिच्यासाठीच सांगत होते. त्यामुळे नाही म्हणणं अवघड होतं. त्याच दुपारी तिने पहिल्या पानावरचं बटण काढून टाकलं.

नऊ दिवसांनी आकडा वाढला तो इतका थोडा, की वाढला म्हणायला लाज वाटावी. संचालकांनी तिला बोलावलं आणि विचारलं, बटण खरंच काढलंत ना. तिने आपला लॅपटॉप त्यांच्या टेबलावर ठेवला आणि दाखवलं. बटण गेलं होतं. लोक नव्हते गेले. एकदा रस्ता कळल्यावर त्यांनी त्या पानाचा पत्ता आपापल्या फोनमध्ये साठवून ठेवला होता आणि आता ते थेट त्या पानावर उतरत होते. पहिल्या पानाकडे बघायचं त्यांना काही कारण उरलं नव्हतं. जुन्या वाटेने जात होते ते फक्त नवे लोक, आणि ते रोज तरी असे किती येणार.

संचालकांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला. मग त्यांनी विचारलं, “मनोगताचं काय?”

हा प्रश्न कधीतरी येणार, हे तिला माहीत होतं. तिने पान उघडलं. यावेळी कुठलाही रकाना काढलेला नव्हता.

“बटण होतं तेव्हा आठवड्याला चौदा, सर.”

“चौदा हजार?”

“चौदा.”

बाहेर फोनकाकांनी रिसीव्हर उचलून ठेवल्याचा आवाज आला. संचालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि बोट पुढच्या रकान्यावर ठेवलं. हे साडेतीन मिनिटं काय आहे, असं विचारलं.

“थांबण्याची सरासरी वेळ. म्हणजे हे चौदा लोक पूर्ण वाचतात, सर.”

“आणि पूर्वी?”

ती जराशी घुटमळली. “चार सेकंद.”

त्यांनी मान हलवली. एखाद्या जुन्या दुखण्याचं नाव अखेर डॉक्टरांनी सांगावं, तशी. मग म्हणाले, “चौदातला मी किती वेळा असेन?”

“पाच.”

“म्हणजे नऊ.” ते खिडकीकडे वळले. “पत्नी वाचत नाही. तिने तसं सांगितलंय. म्हणजे नऊ वेळा कुणीतरी बाहेरचं.” “नऊ वाईट नाही, बाई.”

तरीही कामाची गोष्ट राहिलीच होती. ती बोलायला त्यांना वेळ लागला आणि बोलताना ते परिपत्रकाकडे बघत होते. बटण काढून भागत नसेल, तर भरतीच्या वेळांचं पानच बंद करावं लागेल. पत्ता दाबला, की माणूस पहिल्या पानावर यावा. दोन आठवडे. मग लोक पुन्हा फिरतील आणि आकडा वर जाईल. असं करता येतं ना, असं त्यांनी विचारलं. करता येतं, असं तिने सांगितलं. एका ओळीचं काम होतं.

संध्याकाळी दादाचा आईसाठी नेहमीचा फोन आला. आईशी बोलून झाल्यावर त्याने बहिणीला मागितलं आणि उगाचच मोठ्या आवाजात बातम्या दिल्या. त्याने त्या पानाचा पत्ता धक्क्यावरच्या तिकीटखिडकीशेजारी रंगाने लिहून घेतला होता, हातभर अक्षरात. महिनाभरात बोट एकदाही रुतली नव्हती. पलीकडच्या दवाखान्यातल्या नर्सबाई आता त्याला विचारण्याऐवजी त्यालाच वेळ सांगत होत्या, आणि हा अपमान तो रोज सहन करत होता.

तिने ऐकून घेतलं. मग तिने त्याला सगळं सांगितलं, समिती, वर्ग दोन, एका ओळीचं काम.

“तुझी नोकरी राहते ना त्याने?”

“बहुतेक.”

“मग कर की. आम्ही पूर्वीपण पाणी बघूनच बोट काढत होतो.” मग आवाज उतरवून, “रुतलो तर रुतलो. लोकांना माझं तोंड बघायची सवय आहे.”

त्याने जाब विचारला असता, तर तिला सोपं गेलं असतं. ती फोन ठेवून आईच्या खोलीत गेली आणि साडेआठची गोळी दिली, जी तिने आठला दिलेली होती. आईने ती परत तिच्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिने ती एक ओळ लिहिली. तपासून बघितली, बरोबर होती. मग ती चालू न करता तशीच ठेवली आणि दिवसभर चालू करायची आठवण काढत राहिली. संचालकांनी विचारलं नाही. त्याच्याही दुसऱ्या दिवशी विचारलं नाही. जिन्यात भेटले, की ते हवेबद्दल बोलत आणि हवेबद्दल बोलून झालं, की घाईने वर जात. समिती येईपर्यंत हे असंच चाललं.

समितीत पाच जण होते. त्यांच्या अध्यक्षबाई केस अगदी बारीक कापलेल्या, साठीच्या आसपासच्या होत्या, आणि त्यांच्याकडे एक छापील फॉर्म होता, ज्याच्यावर त्यांचा स्वतःचाही फारसा जीव नसावा, अशा पद्धतीने त्या तो उलटत होत्या. इमारत बघून झाली, भरतीमापक बघून झाले. खाडीपलीकडचं एक मोजणीचं केंद्र बघायचं राहिलं होतं. तिथे बोटीने जायचं होतं आणि बोट पाण्यावर अवलंबून होती.

“पाणी कधी येतंय?” अध्यक्षबाईंनी विचारलं. “तुमच्याच वेबसाइटवर बघू या. तेवढंच तेही काम होईल.”

सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर पहिलं पान लावलं होतं. नकाशाबाई भिंतीकडच्या खुर्चीत बसली होती. अध्यक्षबाईंनी स्वतः माउस घेतला. त्या ‘संस्थेविषयी’त गेल्या आणि तिथून मनोगतात. पडद्यावर संचालकांचा फोटो आला, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. तो त्यांच्या काळ्या केसांच्या काळातला होता. खऱ्या संचालकांनी खाली बघितलं.

“मागे घ्या,” समितीतला एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, मागे नको, खाली घ्या. तिसऱ्याने ‘उपक्रम’ शोधून काढलं आणि त्याचा त्याला आनंद झाला. गाडी मागे घेताना घरातली सगळी माणसं जशी एकदम बाहेर येऊन हात हलवतात, तसं चाललं होतं. वर्ष निवडलं, महिना निवडताना वर्ष पुसलं गेलं. ‘केंद्राविषयी’वर बोट पडलं आणि संचालक भिंतभर पुन्हा आले. अध्यक्षबाईंनी माउस सोडून हात टेबलावर ठेवले.

“हे काय आहे?”

संचालक उठले. ते पडद्यापाशी गेले.

“मॅडम, आत्ता आमच्या अकरा भेटी झाल्या.”

अध्यक्षबाईंनी त्यांच्याकडे बघितलं.

“तुम्ही अकरा पानं बघितलीत. महिन्याअखेर ती अकरा म्हणून मोजली जातात. गेल्या वर्षीचे दर महिन्याचे तीन लाख असेच आहेत.” मग त्यांनी वाकून, दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत तो लहान पत्ता टाइप केला. तो त्यांना पाठ होता. शेवटची कळ दाबण्याआधी त्यांनी भिंतीकडच्या खुर्चीकडे एकदा बघितलं. पान चालू आहे की बंद, हे त्यांना माहीत नव्हतं.

पान उघडलं. सगळे धक्के, एकाखाली एक. पलीकडचा धक्का तिसरा होता. भरती दोन वाजून दहा मिनिटांनी.

“आणि ही एक,” संचालक म्हणाले.

खोलीत कुणीतरी हसायला सुरुवात करून थांबलं. हे कुणी केलं, असं अध्यक्षबाईंनी विचारलं. बाईंनी केलं, असं संचालकांनी सांगितलं. आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, हेही सांगितलं, की पहिल्या पानावर याचं बटण होतं, ते मी काढायला लावलं. तुम्ही येणार होतात म्हणून. पानही बंद करा म्हणालो होतो. ते त्यांनी केलेलं दिसत नाही.

नकाशाबाईला वाटलं, आता उठून काहीतरी बोलावं. पण बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. सगळं खरं होतं.

अध्यक्षबाईंनी फॉर्म पुढे ओढला. त्या म्हणाल्या, की हे सगळं ठीक आहे, पण इथे रकाना भेटींचा आहे, त्यात भेटीच लिहाव्या लागणार. संचालक म्हणाले, लिहा. त्यांनी लिहिलं. चाळीस हजार हा आकडा त्या रकान्यात फार मोकळा मोकळा दिसला. मग त्यांनी पान उलटलं. शेवटच्या बाजूला करारावरच्या पदांचा भाग होता आणि त्यात एकच प्रश्न होता. तो त्यांनी सरळ खुर्चीकडे बघून वाचला.

“पद पुढे चालू ठेवल्यास भेटींच्या संख्येत किती वाढ अपेक्षित आहे?”

प्रश्नापुढे एक लहानशी चौकट होती. त्यात दोन आकडी टक्केवारी मावली असती. वीस म्हटलं असतं, तर वीस लिहिलं गेलं असतं, आणि वर्षाअखेर ते कसं पुरं करायचं याचे दहा मार्ग तिला ठाऊक होते. सगळ्यात सोपा एका ओळीचा होता आणि तयार होता. आईच्या जिन्याला सोळा पायऱ्या होत्या. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

“वाढ नाही होणार, मॅडम. अजून कमी होतील.”

“कमी?”

“पावसाच्या आणि वाऱ्याच्या पानांचीही हीच अवस्था आहे. ती नीट केली, की तिथलेही लोक पटकन जातील.”

अध्यक्षबाई तिच्याकडे बघत राहिल्या. समितीतल्या एकाने घड्याळ बघितलं, मग पडद्यावरचं दोन-दहा बघितलं. अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि चौकटीत लिहायला घेतलं.

उत्तर एका शब्दाचं होतं. पण पेन चौकटीच्या बाहेर आलं, ओळीच्या शेवटापर्यंत गेलं, खालच्या ओळीवर उतरलं, मग समासात वळलं. समास भरला. अध्यक्षबाईंनी मान वर न करता फॉर्म आडवा फिरवला आणि जागा शोधू लागल्या.

संचालकांनी आपल्या फाइलमधून एक कोरा कागद काढला आणि त्यांच्या हाताशी सरकवला.